टिंबामागची चाल

मागून पावलं वाजली तेव्हा वैजयंती केंजळे ओट्यापाशी भाकरी थापत होती. वळून न बघताच तिने विचारलं, "कोण आहे?"

"कोण असणार? मीच की," शशिकांतराव म्हणाले.

ती दचकून वळली. दारात खरोखरच तिचा नवरा उभा होता. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच ते कुणाचा हात न धरता हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत आले होते आणि आता शाबासकीची वाट बघत होते. तिला आनंदाने भरून यायला हवं होतं. पण पिठाचे हात तसेच धरून ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. घरात कुणी परका माणूस शिरलाय, असं तिच्या कानांनी तिला अगदी ठामपणे सांगितलं होतं.

"काय झालं? भूत बघितलंस का?"

"काही नाही. चालत आलात! बसा, बसा आधी."

शशिकांतराव म्हणजे टाचा आपटत चालणारा माणूस. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी स्टँडवर गेली. या फलाटावरून त्या फलाटावर धावत गाड्या सोडायच्या. संध्याकाळी खालच्या जिन्यात त्यांचं पहिलं पाऊल पडलं की वैजयंती आमटी गरम करायला ठेवायची. आज ऐकलेली चाल तशी नव्हती. ती मऊ होती, आधी चवडा टेकवणारी, कुणाची झोप मोडू नये अशी. आणि उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली होती. शशिकांतराव उंबऱ्यापाशी थांबणाऱ्यांतले नव्हते.

पायांना यंत्र लावल्यावर चाल बदलणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातले डॉक्टर त्या यंत्राला बाह्यसांगाडा म्हणायचे. वैजयंतीला तो शब्द घरात नको होता. जित्या माणसाला सांगाडा कसला लावता, म्हणून तिने त्याचं नाव 'पट्टे' ठेवलं आणि घरात तेच रुळलं. होतेही ते पट्ट्यांसारखेच. कंबरेपासून तळपायापर्यंत हलक्या, काळ्या पट्ट्या, खुब्यात आणि गुडघ्यात चपट्या मोटरी, नडगीवर शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा. पक्षाघातात मेंदूचा 'चल' हा निरोप वाटेतच विझतो, पण त्याची पुसट थरथर स्नायूंपर्यंत पोचते. मांडीला चिकटलेले संवेदक ती थरथर ओळखायचे आणि उरलेलं काम मोटरी करायच्या. पाय किती उचलायचा, कधी टेकवायचा, चढावर किती वाकायचं, हे पट्टे रोजच्या चालण्यातून शिकत जायचे. विम्यातून मिळालेला हा संच कुणीतरी आधी वापरलेला होता. कारखान्यात साफ करून, नव्या मोटरी बसवून त्यांना दिला होता. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

महिनाभरात दोघं बाहेर पडायला लागली. साताऱ्यात शाहूपुरीतून निघून सपाट रस्त्याने बागेपर्यंत जायचं आणि परत यायचं. शशिकांतरावांची उजवी बाजू अजून लुळी होती, म्हणून वैजयंतीने आपणहूनच त्यांचा डावा दंड धरला. आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की ती त्यांच्या बरोबरीने चालते आहे.

बरोबरीने चालणं तिच्या सवयीचं नव्हतं. लग्नानंतर दोघं देवदर्शनाला निघाली तेव्हापासून ते पुढे आणि ती मागे, असंच चालत आलं होतं. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे. नवऱ्याची मान तिला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होती. हातात पिशव्या आणि डोळ्यांसमोर ती मान, गर्दीत नाहीशी होणारी, पुन्हा दिसणारी. यावरून ती कधी भांडली नव्हती. भांडायलासुद्धा त्या माणसाला गाठावं लागतं.

आता मात्र तिने दंडाला जराशी ओढ दिली की पाऊल आखूड व्हायचं. तिचा गुडघा दुखायला लागला की तिने काही म्हणायच्या आत पट्टे हळू व्हायचे. मधूनच चाल थांबायची, दोन श्वास घेऊन पुन्हा सुरू व्हायची. शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलता येतं, हे तिला या वयात कळलं. तिने त्यांना सांगितलं की तिला एकेकाळी स्कूटर शिकायची होती. कुंपणावरच्या वेलीला कसली फुलं आलीत ते दाखवलं. शशिकांतराव "हं, हं" करायचे, कधी एखादा प्रश्नही विचारायचे. वैजयंतीने नव्या चपला घेतल्या. एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, "वहिनी, जोडी छान दिसते हं!" आणि ती चक्क लाजली.

शशिकांतराव मात्र खूश नव्हते.

"मी थांबत नाही गं, हे थांबतं," ते म्हणायचे. "मला जायचंय पुढं. पाय जात नाही."

"राहू दे की. घाई कसली आहे?"

"घाईचा प्रश्न नाही. तो खांब आला ना, बघ आता."

आणि खरंच, विजेच्या खांबापाशी पट्टे मंदावले, थांबले, आणि थोड्या वेळाने आपले आपण निघाले. वैजयंतीला त्याचा अर्थ लागेना. मग तिने आपल्यापुरता एक अर्थ लावला. हे थांबणं त्यांचंच आहे. माझा गुडघा दुखतो म्हणून थांबतात, कबूल करायची लाज वाटते म्हणून यंत्रावर ढकलतात. तो अर्थ तिला इतका आवडला की तिने दुसरा शोधलाच नाही.

पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना तो अर्थ तुटला. सिग्नल त्यांच्या बाजूचा होता. दोघं मध्यावर पोचली असताना डावीकडून एक ई-रिक्षा न थांबता वळली आणि वैजयंतीने घाबरून त्यांचा दंड मागे खेचला. ओढ बसताच पट्टे थांबले. दुभाजकाचा खांब समोर होता. शशिकांतराव रस्त्याच्या मधोमध रोवल्यासारखे उभे राहिले. "चल, चल," म्हणून ते आपल्याच मांडीवर बुक्क्या मारत होते, आणि पाय शांतपणे वाट बघत होता. कुणाची, ते कुणालाच माहीत नव्हतं. रिक्षाचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. रस्ता ओलांडून झाल्यावर ते फूटपाथवर बसले. वैजयंतीने त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं, पक्षाघाताच्या दिवशीही नाही.

"हे माझे पाय नाहीत, वैजू," ते म्हणाले. "दुसरंच कोणीतरी चालतंय."

दुसऱ्या दिवशी ती दोघं मिरजेला गेली. पट्ट्यांचं सॉफ्टवेअर बघणारी रेहाना मुजावर नावाची तिशीतली अभियंता केंद्रात होती. तिने पट्टे केबलने आपल्या संगणकाला जोडले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.

"काका, तुम्हाला अटॅक कधी आला?"

"गेल्या दिवाळीनंतर."

"मग हे कसं झालं?" ती स्वतःशीच म्हणाली. "यातल्या नोंदी त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून आहेत."

शशिकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. वैजयंतीने रेहानाकडे. कुणालाच काही उमजेना.

"नीट सांग बाई," शशिकांतराव म्हणाले. "आम्हाला कळेल असं."

रेहानाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांची एक जुनी पद्धत आहे, काका. काम करत असताना वरचेवर त्याची आवृत्ती जपून ठेवायची. आज काय बदललं, एवढंच कालच्यावर रचायचं. उद्या काही बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. तुमचे पट्टे तेच करतात. चार्जिंगला लावले की दिवसभराच्या चालीतला फरक ते कालच्या चालीवर चढवतात. एकावर एक, एकावर एक."

"बरं."

"हा सगळा इतिहास ठेवायला एक फोल्डर लागतं. ते कामाच्या मध्ये लुडबुडायला नको म्हणून बहुतेक जण त्याच्या नावाआधी एक टिंब देतात. टिंबाने सुरू होणारं नाव यादीत दिसत नाही. गिट नावाचं साधन आहे, त्याचं फोल्डर टिंब-गिट. मर्क्युरियल हे तसंच दुसरं; मर्क्युरी म्हणजे पारा, तर त्यांनी पाऱ्याची रसायनशास्त्रातली खूण घेतली, टिंब-एचजी. त्यांच्या आधीचं सीव्हीएस, ते सरळ मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. डार्क्सवाल्यांनी टिंबाऐवजी खाली आडवी रेघ मारली."

"म्हणजे गाडीला पाटी लावायची का नाही, एवढाच वाद," शशिकांतराव म्हणाले.

रेहाना हसली. "तेवढाच. आमच्या कंपनीने टिंब-चाल असं नाव ठेवलं. आणि घोळ तिथंच झालाय."

"टिंबाने का दिसत नाही पण?" वैजयंतीने विचारलं. तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते असंच होऊन बसलं, काकू. फार जुन्या संगणकांवर यादी काढताना दोन नावं दाखवायची नव्हती. 'हेच फोल्डर' याचं नाव एक टिंब आणि 'याच्या वरचं' याचं नाव दोन टिंबं. लिहिणाऱ्याने सोपं केलं. पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्यायचं. त्यात टिंबाची बाकीची नावंसुद्धा झाकली गेली. मुद्दाम कुणी ठरवलं नव्हतं म्हणतात. नंतर लोकांनाच ते सोयीचं वाटलं." ती पडद्याकडे वळली. "हा संच तुमच्याकडे यायच्या आधी पुसायचा होता. पुसणाऱ्याने आज्ञा दिली असणार, इथलं सगळं काढ. पण त्या आज्ञेतल्या 'सगळं'मध्ये टिंबवाले येत नाहीत. यादी बघितली तर रिकामी. म्हणून त्याने पेटी बंद केली. मग तुमच्यासाठी आम्ही चालू केलं, तेव्हा सॉफ्टवेअरला इतिहासाचं फोल्डर आधीच सापडलं. असेल तर ते नवं करत नाही. त्याच्यावरच लिहीत जातं."

शशिकांतराव आपल्या उघड्या, बारीक झालेल्या पायांकडे बघत होते.

"म्हणजे मी कुणाच्या तरी वर चालतोय," ते शेवटी म्हणाले.

"त्यांची चाल खाली आहे, तुमची वर."

"खालची काढून टाक की."

"तेच जमत नाही. तुमचा प्रत्येक दिवस आधीच्या दिवसावरचा फरक आहे. तळ काढला तर वरचं कशाला टेकणार? पुसायचं तर सगळंच पुसावं लागेल. मग पहिल्यापासून. समांतर दांड्या धरून, आठवडेच्या आठवडे."

वैजयंतीने विचारलं, "ते कोण होते?" आणि तिला स्वतःच्या आवाजातली उत्सुकता ऐकू आली.

रेहानाला ते सांगायची परवानगी नव्हती. पण नियमाने त्या घरच्यांना कळवणं भाग होतं, कारण ती नोंद त्यांच्या माणसाची होती. काही दिवसांनी तिचा फोन आला. ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या पत्नीला केंजळे पतिपत्नींना भेटायची इच्छा होती. पट्टे घेऊनच या, असं त्यांनी सांगितलं होतं.

मधल्या दिवसांत वैजयंतीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शशिकांतराव पट्टे न चढवता खुर्चीत बसून राहायचे आणि ती घरात इकडून तिकडे फिरताना त्या न पाहिलेल्या बाईचा विचार करायची. कशी असेल ती? जिचा नवरा दंडाला ओढ बसताच हळू होत होता, जो तिच्यासाठी खांबाखांबापाशी थांबत होता. वैजयंतीला तिचा हेवा वाटला. मग त्या हेव्याची शरम वाटली. मेलेल्या माणसाच्या पायांनी दिलेला महिनाभराचा मान आपण आपलाच समजत होतो. आणि तरीही तो मान खोटा होता असं तिला म्हणवेना. नव्या चपला दारात तशाच होत्या.

त्या बाईंचं, शैलजा तांबवेकरांचं, घर कऱ्हाडला, संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशीची वाट होती. शशिकांतरावांनी टॅक्सीतच पट्टे चढवले आणि वैजयंतीचा हात न धरता, ओठ आवळून, एकटे चालत आले. ओट्यावर उभ्या असलेल्या बाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू तसंच राहिलं आणि त्यांनी मागे हात नेऊन खांब धरला.

"या," त्या म्हणाल्या. "या ना. आवाज... अहो, पावलांचा आवाज तोच आहे."

चहा झाला. तांबवेकरांना कंपवात होता, पट्ट्यांमुळे शेवटची काही वर्षं ते हिंडत होते, असं त्यांनी सांगितलं. बोलणं संपलं की त्यांची नजर शशिकांतरावांच्या पायांवर जायची. शेवटी वैजयंतीच्या मनात इतके दिवस साठलेलं बाहेर आलं.

"तुमचे मिस्टर तुम्हाला फार सांभाळून चालत असतील, ताई."

"मला?"

"म्हणजे, मी यांचा डावा हात धरते ना, तर चाल लगेच हळू होते. मध्ये मध्ये थांबते. तुमच्यासाठीच ते—"

शैलजाताईंच्या कपाळाला आठी पडली. "आम्ही दोघं कधी चाललोच नाही हो एकत्र. माझं औषधाचं दुकान. सकाळी शटर वर करायचं, रात्री खाली. ते एकटेच जायचे संगमावर." त्या थांबल्या. "डावा हात म्हणालात? ओढल्यावर थांबतं?"

"हो. आणि खांब आला की."

शैलजाताईंनी तोंडावर पदर धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून वैजयंती उठली, पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांना धार लागली.

"गुंडी!" त्या म्हणाल्या. "अहो, आमची गुंडी! कुत्री. मोटारीखाली मागचा पाय गेला होता तिचा, तीन पायांवर चालायची. यांच्या हाताला कंप, साखळी सुटायची, म्हणून डाव्या मनगटाला बांधून घ्यायचे. ती दमली की हे थांबणार. ती खांब हुंगणार, हे उभे. तासन्‌तास! मी म्हणायची, फिरायला कोण कुणाला नेतंय?"

वैजयंती अर्धवट उठलेली तशीच राहिली. तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. महिनाभर ती जिच्या जागी चालत होती ती बाई नव्हतीच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते हसतील, चिडवतील, जन्मभर पुरेल असा विनोद करतील, असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. खाली बघत त्यांनी विचारलं, "कुत्री कुठाय आता?"

"यांच्या आधीच गेली. मग हे घराबाहेर पडले नाहीत."

पदराने डोळे पुसून शैलजाताई म्हणाल्या, "तुम्ही पुसा ते. तुमचं चालणं आहे, त्यात आमची अडचण कशाला? फक्त एकदा... फाटकापर्यंत चालाल का? माझ्याबरोबर?"

शशिकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. वैजयंतीची मान होकारार्थी हलली होती.

शैलजाताईंनी त्यांचा डावा दंड धरला. आधी दोन बोटांनी, मग पूर्ण हाताने. दोघं ओट्यावरून उतरून फरशीच्या वाटेने निघाली. शैलजाताईंनी मुद्दाम पाऊल हळू टाकलं आणि पट्टे लगेच हळू झाले. त्या मध्येच थांबल्या, पट्टेही थांबले. ओट्यावर उभं राहून वैजयंती बघत होती. तिचा नवरा एका परक्या बाईबरोबर, मेलेल्या माणसाच्या पायांनी, एका कुत्रीच्या वेगाने चालला होता, आणि यात नेमकं कोण कुणाला भेटत होतं हे तिला काही केल्या कळेना. तिला राग आला नाही. तिला फक्त वाटलं की आपण इथं नसायला हवं होतं.

परत निघताना दोघं बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत बसली.

"पुसायचं," शशिकांतराव म्हणाले.

"मला विचारलंत का?"

"पाय माझे आहेत, वैजू."

पाय त्यांचेच होते. नाक्यावर मधोमध उभे राहिले होते तेही तेच. तरी तिच्या तोंडून गेलं, "महिनाभर तुम्ही माझ्याबरोबर चाललात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे? आधी काय करत होतो?"

"पुढे चालायचात."

"कोण, मी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "अगं, तूच मागं राहायचीस. मला वाटायचं तुला सावकाश आवडतं, रमतगमत. तुला घाई करायला नको म्हणून मी आपला पुढं जाऊन थांबायचो. वळून बघायचो की, येतेयस ना म्हणून."

"कधी वळून बघितलंत?"

"नेहमी!"

"मला कधीच दिसलं नाही."

"तू खाली बघून चालतेस, तुला कसं दिसणार?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. मग खोटं काय होतं? दोघांनी एकाच रस्त्यावरून एवढा संसार केला होता आणि त्याच्या दोन निराळ्या हकिकती तयार झाल्या होत्या. त्यातली कुठली खालची आणि कुठली वरची, हे सांगणारं यंत्र कुणाकडे नव्हतं.

"मग तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण त्या कुत्रीचा वेग मला बरा वाटत होता."

यावर मात्र ते हसले, आणि मग तीही हसली.

पुसायला फार वेळ लागला नाही. रेहानाने तांबवेकरांच्या चालीची एक प्रत शैलजाताईंसाठी काढून ठेवली. त्यांनी ती मागितली नव्हती, आणि तिचं त्या काय करणार हे रेहानालाही ठाऊक नव्हतं. मग तिने टिंब-चाल काढून टाकलं आणि पडदा दोघांकडे वळवला.

"आता कंपनीने नियम बदललाय. इतिहासाच्या फोल्डरला टिंब लावायचं नाही, उघड दिसलं पाहिजे. आणि नाव ज्याचं त्याने द्यायचं. काय लिहू, काका?"

शशिकांतराव गडबडले. आयुष्यभर गाड्यांना पाट्या लावलेल्या माणसाला आपल्या चालीला काय नाव द्यावं ते सुचेना. "लिही... नवीन."

"सगळे तेच सांगतात. मग नवीन-दोन येतं, नवीन-शेवटचं येतं."

"मग केंजळे-सातारा लिही. गाडी कुठली ते तरी कळेल."

समांतर दांड्यांमध्ये त्यांना उभं केलं तेव्हा पट्टे कोरे होते. त्यांना चढ माहीत नव्हता, उंबरा माहीत नव्हता, डावं-उजवंही जेमतेम. पहिल्याच प्रयत्नात गुडघा मध्येच लटपटला आणि शशिकांतराव दांड्यांवर भार टाकून कसेबसे उभे राहिले. कपाळावर घाम आला. वैजयंती सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला सरकली आणि तिने हात पुढे केला.

"नको," ते म्हणाले. "धरू नकोस. त्याला पुन्हा ओढच कळायची."

"मग मी कुठे उभी राहू?"

रेहाना म्हणाली, "समोर कुणी चालत असेल तर बरं असतं, काकू. कॅमेरा पुढचे पाय बघतो. सुरुवातीला तोच ठेका धरतो. मी चालते, नाहीतर—"

"ही चालेल," शशिकांतराव म्हणाले. "वैजू, तू हो पुढं."

ती दांड्यांमध्ये शिरली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर पांढरी भिंत होती, तिच्यावर एक घड्याळ, आणि मध्ये काहीच नाही, कुणाची मान नाही. ती पाऊल उचलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण किती जोरात चालतो हे आपल्याला माहीतच नाही. आजवर तिची चाल म्हणजे गाठायचं राहिलेलं अंतर होतं. महिनाभर ती चाल म्हणजे थांबलेल्या पायांशी जुळवून घेणं होतं. एकटीची, मोकळ्या जागेतली चाल कशी असते? तिने एक पाऊल टाकलं. ते फार मोठं वाटलं. दुसरं टाकलं, ते उगीच लाजल्यासारखं आखूड पडलं.

मागे मोटर गुरगुरली. काहीतरी घासलं, अडलं, आणि जमिनीला टेकलं. ती चाल तिच्या ओळखीची नव्हती. जुनी टाचांचीही नाही आणि ती मऊही नाही.

"असं चालू?" तिने न वळता विचारलं. "जोरात होतंय का?"

"मला काय कळतंय," मागून धापा टाकत आवाज आला. "तू चाल. मी बघतो कसं जमतंय ते."

तिने तिसरं पाऊल उचललं, आणि ते कुठे टेकवायचं याचा विचार करत क्षणभर तसंच धरलं.